शून्याची चाल

गवत शिकायला विद्यापीठात जावं लागतं, हे समिधा घोरपडेच्या गावात कोणाच्या पचनीच पडलं नव्हतं. तिने हिरवळशास्त्राला प्रवेश घेतला तेव्हा तिचा चुलता म्हणाला होता, "आमच्या म्हशीला इचारायचं हुतंस. फुकट शिकवली असती."

त्यात भर म्हणजे पहिल्याच वर्षी तिच्या हाती जे गवत वाढवायला दिलं, ती निघाली हरळी. शेतातून उपटता उपटता येरळा नदीकाठच्या बायकांच्या कमरा ज्या हरळीने मोडल्या तीच. तिच्याच दूर्वा गणपतीला वाहायच्या, आणि थोडा संकर केला की तीच क्रिकेटच्या मैदानावर लावून तिची राजकन्येसारखी बडदास्त ठेवायची. "म्हंजे आम्ही मारायची आन् तू जगवायची," चुलता म्हणाला. "घरातच भांडान की!"

हसली नाही ती एकटी शैला, समिधाची आई. समिधाचे वडील ती बालवाडीत असतानाच गेले होते, आणि आईची सगळी नोकरी एकाच हायस्कुलात खेळाची शिक्षिका म्हणून गेली होती. त्या शाळेचं मैदान म्हणजे मुरूम आणि खडे. दर जूनमध्ये पोरींची रांग लावून खडे वेचायचे, आणि दर जुलैत पावसाने नवे खडे वर यायचे. फुटलेल्या गुडघ्यांना औषध लावण्यात बाईंची हयात गेली. त्यामुळे मैदानावर गवत टिकवण्याचंही शास्त्र असतं हे ऐकल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "जा. शिकून ये. मला एकदा पोरी गवतावर पडलेल्या बघायच्यात."

निवृत्त झाल्यावर त्या लेकीजवळ, विद्यापीठाच्या आवारातल्या दोन खोल्यांत राहायला आल्या. शिट्टी मात्र गळ्यात तशीच राहिली.

समिधाचे प्राध्यापक डॉ. साळोखे यांचा मूळ प्रश्न साधा होता. मैदान नेमकं कुठे आणि कशाने झिजतं? हरळीच्या मुळांशी एक बुरशी राहते. मुळं तिला साखर देतात, ती मुळांना पाणी आणि क्षार आणून देते. तिचे तंतू केसाहून बारीक, पण मैदानाखाली जाळं असं पसरतं की इंचभर जागा मोकळी राहत नाही. तंतू दाबला गेला की त्यातून अगदी क्षीण विद्युत स्पंदन जातं. साळोखेंनी ही स्पंदनं मोठी करणारं वाण शोधलं, मैदानाच्या कडेला ती टिपणाऱ्या सळया पुरल्या, आणि मैदानावर पडणारं प्रत्येक पाऊल पडद्यावर दिसू लागलं.

हवी होती गवताची झीज. मिळाली माणसाची चाल. टाच किती जोरात टेकते, कोणतं पाऊल जरा घासत उचललं जातं, डाव्या-उजव्यात किती फरक आहे, सगळं. आवारातल्या एका माळ्याचं पाऊल घासतं आहे असं पडद्याने दाखवलं. तो म्हणाला, मला काही होत नाही. डॉक्टरांकडे नेलं तर कंपवाताची सुरुवात निघाली. अजून हात थरथरतही नव्हता.

त्याच सुमाराला कंपवातावर पहिलं खरं औषध आलं होतं. मेंदूतल्या पेशींचं मरण ते जागच्या जागी थांबवी. अट एकच, कंप दिसायच्या आत सुरू करायचं. एकदा हात थरथरू लागला की मेलेल्या पेशी परत येत नाहीत, आणि उरलेल्याही त्या औषधाला दाद देत नाहीत. रोग ओळखू येई तोवर औषधाची वेळ टळलेली असायची. आणि इथे एक गवत होतं, जे लोकांच्या आधी ओळखत होतं.

मग काय विचारता! बागांत, शाळांत, दवाखान्यांच्या अंगणांत ती हरळी पसरली. विद्यापीठाने तिला 'पदबोध' असं भारदस्त नाव दिलं. लोक तिला चहाडखोर गवत म्हणत, आणि पहाटे चालायला मात्र तिच्यावरच येत. कितीतरी माणसं तिने वाचवली, यात शंका नाही. साळोखेंना पुरस्कार मिळाले आणि समिधाला पीएच.डी.ची जागा.

एक भानगड होती. गवत जिवंत होतं. पाणी दिलं, ऊन तापलं, कापणी झाली की स्पंदनं बदलत. कालचं माप आज चालत नसे. म्हणून रोज सकाळी ओळखीच्या, धडधाकट माणसाने मैदानावरून एकदा सरळ चालून जायचं. त्याची चाल म्हणजे त्या दिवसाचं शून्य. बाकीची सगळी माणसं त्याच्याशी ताडून बघायची.

नियमाप्रमाणे चालणारे पाच हवेत, म्हणजे एकाचं उणंदुणं दुसऱ्यात झाकलं जातं. सुरुवातीला पाच होते. मग दोघे विद्यार्थी नोकरीला लागले. पहारेकऱ्याला पहाटे जाग येईना. चौथी लग्न होऊन गेली. राहिल्या शैलाबाई. ताठ मान, एकसारखं पाऊल, तीस वर्षं कवायत घेतलेली चाल.

"एक माणूस चालेल ना सर?" समिधाने विचारलं होतं.

"अगं, त्यांच्याइतकी मोजून-मापून चालणारी बाई जिल्ह्यात नाही," साळोखे म्हणाले. "उरलेले चार त्यांचं शून्य बिघडवतच होते."

गवतावर प्रयोग करणाऱ्यांना एक खोड असते. खतांचे, औषधांचे वाफे ते वाकून वाकून बघतात. ज्या वाफ्याला काहीच करायचं नाही, ज्याच्याशी बाकीचे ताडायचे, त्या कंट्रोल प्लॉटकडे ढुंकून बघत नाहीत. तो ठीकच असणार. तो ठीक आहे म्हणून तर तो कंट्रोल.

रोजचं पहिलं काम दव झाडायचं. मैदानाच्या दोन टोकांना मायलेकींनी उभं राहायचं, मध्ये लांब दोरी ताणायची आणि ती गवतावरून ओढत पुढे चालायचं. दव पात्यांवर बसून राहिलं की रोग धरतो. दोरी ताणलेली हवी, ढिली पडली की नुसती गवतावरून लोळते.

"आई, ताण की! तुझ्या बाजूला दव तसंच राहतंय."

"ताणलीय गं. दोरीच भिजून जड झालीय."

"मागे का राहतेस पण?"

"मी मागं राहती व्हय? तूच पळतीस. पगार लवकर मिळतोय का तिकडं?"

समिधाने नायलॉनची हलकी दोरी आणली. शैलाबाईंच्या बाजूला दव तरीही राहीच. पावसाळा सरला आणि त्या कडेने गवतात रुपयाएवढे पिवळे ठिपके उमटले. बुरशीजन्य रोग. कारण, पात्यांवर टिकलेला ओलावा. समिधाने ते पंधरा मिनिटांत ओळखलं, औषध फवारलं आणि साळोखेंनी वर्गात तिचं कौतुक केलं. ओलावा त्याच कडेला का टिकतो, हे कोणीच विचारलं नाही.

कापणीच्या दिवशी आणखी एक वाद असे.

"तुझ्या गवताला वासच न्हाई बघ," आई म्हणायची. "आमच्या शाळंमागं नुसतं कुसळाचं गवत कापलं तरी घमघमाट सुटायचा. तुमी काय काय घालून त्याचा वासच मारलाय."

"येतोय की वास! चांगला येतोय."

"मग माझं नाक काय गहाण पडलंय?"

समिधाने तेही मनावर घेतलं. कोणत्या वाणाला वास कमी, याची तिने एक चाचणीसुद्धा लावली. सगळ्यांना सारखाच निघाला. आईला हे तिने मोठ्या फुशारकीने सांगितलं.

आणि मग रेश्मा मुल्लाचं प्रकरण झालं.

रेश्मा ही शैलाबाईंची शेवटच्या तुकडीतली पोरगी, चारशे मीटर पळणारी, आता याच विद्यापीठात शिकणारी. बाई निवृत्त झाल्या तरी तिला शिकवायच्या थांबल्या नव्हत्या. ती रोज विद्यापीठाच्या मैदानावर पळायची, शैलाबाई कडेला उभ्या राहून शिट्टी मारायच्या. राष्ट्रीय शिबिरासाठी तिची निवड होत आली होती, आणि आता निवडीआधी पदबोधची पट्टी ओलांडून जायची पद्धत पडली होती. रेश्मा चालली. पडदा लाल झाला. उजव्या पायात दोष, कंपवाताचा संशय, शिबिर तूर्त नाही.

रेश्मा बाईंच्या दारात येऊन बसली. रडली नाही. नुसते बुटाचे बंद सोडत आणि बांधत राहिली.

"मॅडम, मला काय होतंय ओ? मी आजारी हाय व्हय?"

"गप. एकोणीस वर्साच्या पोरीला कंपवात होतोय व्हय कुठं?" शैलाबाई तिला म्हणाल्या, आणि आत वळून लेकीवर कडाडल्या, "समे, भायेर ये! माझ्या पोरीला लंगडी म्हणायला तुझं गवत कोण लागून गेलंय?"

"आई, दोन वर्षांपूर्वी तिचा उजवा घोटा मुरगळला होता..."

"तो बरा झालाय. मी रोज बघती. मला दिसतंय आन् तुझ्या बुरशीला दिसत न्हाई?"

समिधाला राग आला, आणि रागाच्या तळाशी भीतीही वाटली. कारण रेश्मा एकटी नव्हती. गेल्या काही महिन्यांत त्या मैदानावर लाल ठरणाऱ्यांची संख्या वाढत चालली होती. काहींनी औषधही सुरू केलं होतं. त्या औषधाने झोप उडते, अन्नावरची वासना जाते, पण जीव वाचतो म्हणून लोक सोसत होते. ज्यांना रोगच नाही तेही सोसत असतील तर?

साळोखे म्हणाले, बुरशी म्हातारी झाली असेल, मैदान उखडून नवं लावू. समिधाने ठिकठिकाणची माती उपसून मुळं पाहिली. पांढरी शुभ्र, निरोगी. गवतात तिळाएवढा दोष नव्हता.

दुपारी ती मैदानाच्या कडेला पायरीवर बसून पडद्यावर लाल माणसं एकेक करून बघत होती. शेजारी आई बसली होती. त्यांचं भांडण अजून मिटलं नव्हतं, पण डबा मात्र आईने आणला होता.

"आई, विचित्र आहे. सगळ्यांचा दोष उजवीकडेच आहे. एकही डावा नाही. कंपवात असा ठरवून एका बाजूला होत नाही."

"म्हंजे सगळं गाव उजव्या पायानं लंगडतंय?"

"असं दिसतंय खरं."

शैलाबाई हसल्या. "पंधरा ऑगस्टला कवायतीत असंच व्हायचं. अख्खी रांग वाकडी दिसायची. नव्या बाई एकेका पोरीला धरून सरळ करत बसायच्या. अगं, सगळी रांग वाकडी आसंल तर पोरींना कशाला बोलायचं? ज्या पोरीला बघून त्या उभ्या ऱ्हात्यात, ती पुढची..."

त्या थांबल्या.

समिधाने पडद्यावरून मान वर केली. मैदानाच्या उजव्या कडेने, आई रोज दोरी धरून चालायची त्या बाजूने, पिवळ्या ठिपक्यांची एक लांब ओळ अजून पुसट दिसत होती. दोरी आई डाव्या हातात धरायची. डावा हात मागे राहायचा. डावं पाऊल हलकं पडायचं, आणि तेच शून्य होतं. त्याच्यापुढे ज्यांचं डावं पाऊल नीट पडे, त्यांचं उजवं यंत्राला डाव्याच्या मानाने कमी वाटे. आधी जरा उजव्या अंगाने कच्चे होते ते लाल झाले, आणि आई जसजशी खालावत गेली तसतसे चांगलेही.

आई रोज सकाळी आपला आजार मैदानाला शिकवत होती, आणि रोज सकाळी मैदान त्याला निरोगी म्हणत होतं.

"पुढची पोरगी मी हाय न्हवं?" शैलाबाईंनी विचारलं.

 समिधाने आईचा डावा हात हातात घेतला. मांडीवर ठेवलेला तो हात, अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत, शेवया वळाव्यात तसा एकसारखा हलत होता. किती दिवसांपासून? रोज हाच हात तिला चहाचा कप देत होता. गवताच्या पात्यावरचा टाचणीएवढा डाग तिला चार पावलांवरून दिसायचा. त्या क्षणी तिला आपल्या शिक्षणाची शिसारी आली.

"दवाखान्यात चल," ती म्हणाली. "आत्ता."

"आधी रेश्माचं. शिबिर सोमवारी सुरू हुतंय. तुझ्या सरांना सांग, शून्य चुकीचं हुतं म्हणून. ते सांगितल्याबगार मी हलणार न्हाई."

"आई, एकेक दिवस..."

"माझा एक दिवस गेला तर काय फरक पडतोय गं आता? तिचा गेला तर वर्ष जाईल."

साळोखेंनी अर्धा तास आढेवेढे घेतले. पुरस्कार, बागा, दवाखाने, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं असणार. शेवटी त्यांनी त्या मैदानाचे निकाल मागे घेतले. लाल ठरलेल्या प्रत्येकाला समिधाने स्वतः फोन केला. कोणी शिव्या दिल्या, कोणी फोनवरच रडलं. एका म्हाताऱ्याने तिला आशीर्वाद दिला, आणि तो तिला शिव्यांपेक्षा जास्त लागला. रेश्माची चाल दुसऱ्या गावच्या मैदानावर घेतली. हिरवी निघाली.

मेंदूच्या डॉक्टरांनी शैलाबाईंना चालायला लावलं, बोटं उघड-मीट करायला लावली, डोळे मिटून कॉफीची पूड हुंगायला दिली.

"कसला वास आहे, आजी?"

"कसलाच न्हाई," शैलाबाई म्हणाल्या. "रिकामी बाटली हाय."

डॉक्टरांनी समिधाकडे पाहिलं. "वास कधीपासून येत नाही यांना? सर्वांत आधी तोच जातो. कितीतरी वर्षं आधी."

समिधाला तो गवताच्या वासाचा वाद आठवला, आणि आपण लावलेली ती चाचणी. 

डॉक्टर भला माणूस होता. त्याने हळू आवाजात सांगितलं की त्या औषधाची वेळ टळून गेली आहे. गेल्या वर्षी आणलं असतं तर थांबवता आलं असतं. आता गोळ्यांनी काही वर्षं कंप दबेल, ताठरपणा थोडा कमी होईल, बाकी मात्र व्हायचं ते होत राहील. मग जरा नवल वाटून त्याने विचारलं, "तुम्ही विद्यापीठातल्या ना? तुमच्याकडे तर ते गवत आहे. त्यावर कधी चालल्या नाहीत का या?"

"रोज," समिधा म्हणाली.

परतताना गाडीत आई खिडकीबाहेर बघत होती. तशीच बघत म्हणाली, "चूक कुणाची म्हणून इचारत बसू नगं आता. मी चालली, तू मोजलंस. दोघी आपापल्या कामात हुतो."

पण समिधा बसलीच. त्यानंतरचा प्रत्येक दिवस ती तिथेच बसली होती असं म्हटलं तरी चालेल. आईने माफ केलं होतं, आणि त्याने काडीचाही उपयोग होत नव्हता. ज्यांना वेळेत कळलं अशी माणसं मैदानावर फिरायला येत, तिला हात करत. तो माळीसुद्धा यायचा, ठणठणीत. त्याला बघितलं की ती पाठ फिरवायची. त्याचा राग यावा असं त्याने काय केलं होतं? काही नाही. तरी यायचा.

शिबिराहून सुट्टीवर आलेल्या रेश्माला शैलाबाईंनी एका सकाळी मैदानावर बोलावलं. आता नियमाप्रमाणे पाच जण चालणार होते, आणि पहिली रेश्मा. बाई काठी टेकत कडेला उभ्या राहिल्या. त्यांनी शिट्टी तोंडाशी नेली, पण ओठ पूर्वीसारखे आवळले जाईनात. नुसती हवा निघाली. रेश्माने ऐकू आल्यासारखं दाखवलं आणि चालू लागली.

पाच जणांचं शून्य लागलं.

"आता मी," शैलाबाई म्हणाल्या.

"कशाला, आई?"

"बघू दे की मला. रोज चालली, एकदाबी माझा निकाल बघितला न्हाई."

त्या चालल्या. काठी, उजवं पाऊल, मग घासत येणारं डावं. मध्येच त्या अडकल्या, पाय जमिनीला चिकटल्यासारखे, आणि समिधा धावणार तोच पुन्हा निघाल्या. पलीकडच्या टोकाला पोचेपर्यंत पडदा लालभडक झाला होता. बाजू डावी. रोग कंपवात. खात्री जवळजवळ पूर्ण. यंत्राने एका फेरीत अचूक ओळखलं होतं.

"बरोबर वळखलं व्हय गं?" आईने तिकडून ओरडून विचारलं.

"हो," समिधा म्हणाली.

मग कापणी होती. समिधाने यंत्र सुरू केलं आणि पट्टे मारत गेली, एक फिका, एक गडद. ती कडेला आली तेव्हा शैलाबाई खाली गवतावर बसल्या होत्या. जिथे पोरी पडलेल्या त्यांना बघायच्या होत्या तिथे आता त्या स्वतः बसल्या होत्या, आणि उठवायला दोघी लागणार होत्या. त्यांनी कापलेल्या गवताची मूठ भरून घेतली. निम्मं हाताच्या कंपाने सांडलं. उरलेलं त्यांनी नाकाशी धरलं.

"समे, वास कसा येतोय गं?"

समिधाने यंत्र बंद केलं. पातं कापलं गेलं की त्यातून कोणतं द्रव्य बाहेर पडतं, ते का पडतं, किती वेळ हवेत राहतं, सगळं तिला पाठ होतं. परीक्षेत त्या प्रश्नाला तिला पैकीच्या पैकी मिळाले होते.

"गवताचा येतोय, आई."

"ते कळलं गं. पण कसा?"

 सगळं मैदान त्या वासाने भरून गेलं होतं, आणि तो कसा आहे हे सांगायला समिधाकडे काहीच नव्हतं.

"सांग की," शैलाबाई म्हणाल्या, आणि थरथरती मूठ तशीच नाकाशी धरून वाट बघत राहिल्या.